आत पाणी होतं, असं मी सांगितलं

मी मूळचा नामपूरचा, बागलाणातला. आमच्याकडं कांदा आणि विहिरी, दुसरं काय नाय. माझे वडील विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे, आणि मग गावात लाईट आली, इंजिनं गेली, मोटरी आल्या, तर वडील मला म्हणले, सोमनाथ, माझं काम आता संपलं, तू तारेचं काम शीक. म्हणून मी सटाण्याला एका वाइंडरच्या हाताखाली तीन वर्षं काढली. वाइंडर म्हणजे काय सांगू तुम्हाला ताई, मोटर जळली की तिच्या पोटातली जळकी तांब्याची तार काढायची आणि नवी भरायची, वेढे मोजून, एक कमी नाय की एक जास्त नाय. माझा हात लय चांगला होता. उस्ताद म्हणायचे, अहिरे, तुझ्या हातात मोजणी हाय. ते ऐकून ऐकून मला माज चढला, आणि त्या माजापासूनच ही सगळी गोष्ट सुरू होते, म्हणून आधी ते सांगून टाकलं.

नाशिकला आलो, पेठ नाक्याला दुकान टाकलं. दुकान म्हणजे एक शटर, दोन बाकडी आणि भिंतीवर तारेची रिळं. तिकडून पेठची, दिंडोरीची माणसं एसटीच्या टपावर मोटर टाकून आणायची, भात लावणीच्या आधी आणि द्राक्षाच्या छाटणीला तर रांग लागायची. शेतकरी मोटर ठेवायचा आणि पहिला प्रश्न विचारायचा, का जळली ओ? आता का जळली याला शंभर कारणं असतात, होल्टेज कमी असेल, बेरिंग गेलं असेल, कधीकधी आपणच मागच्या टायमाला तार हलकी भरलेली असते. पण आमच्या धंद्यात एक उत्तर ठरलेलं असायचं, आत पाणी गेलं. उस्ताद तेच सांगायचे, मीपण तेच सांगायचो. मोटर विहिरीवर, तिथं पाणी असणारच, त्यामुळं कोण नाय म्हणत नाय. शेतकरी मान हलवायचा, म्हणायचा, हां, पाऊस झाला खरा. विषय संपला. हे खोटं बोलणं हाय असं मला कधी वाटलंच नाय बघा, डॉक्टर व्हायरल म्हणतो तसं ते आपलं एक वाक्य होतं.

आणि दुसरी आमची सवय म्हणजे सिरीज. एक बल्ब, त्याला दोन वायरी, वायरींची टोकं उघडी, आणि दुसरीकडून घरची लाईट. मोटरीच्या वाइंडिंगला दोन टोकं लावायची, बल्ब पेटला तर वाइंडिंग चांगली, नाय पेटला तर तुटलेली. दिवसातून पन्नास वेळा हात तिकडं जायचा. मीटर होता माझ्याकडं, चांगला होता, पण तो खणात फडक्यात गुंडाळलेला. मीटर काढणारा माणूस म्हणजे कच्चा माणूस, अशी आमची समजूत.

आता शशीभाऊंचं सांगतो. माझ्या दुकानाच्या मागच्या गल्लीत दोघं भाऊ राहायचे, शशिकांत आणि मिलिंद. वडील त्यांचे लग्नाच्या बँडात मोठं पितळी वाद्य वाजवायचे, ते खांद्यावर घेतात ना, भोंग्यासारखं, जाड आवाजाचं. म्हातारपणी दम पुरेना, तर त्यांनी काय केलं, ते वाद्य मोडीत विकलं आणि त्या पैशातून पोरांसाठी मुंबईहून जुनी बेस गिटार आणली. म्हणले, माझा जाड आवाज आता तुम्ही वाजवा. चार तारांची, वजनाला लय भारी, रंग उडालेला. दोघंही तिच्यावरच शिकले. नंतर वडील वारले. शशीभाऊ सातपूरला कंपनीत लागले आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात वाजवायचे, लग्नं, गणपती, नवरात्र. मिलिंद तेव्हा बावीस-तेवीसचा, त्याचं कुठं पक्कं नव्हतं, पण वाजवायचा मात्र भावापेक्षा चांगलं. हे शशीभाऊ स्वतः म्हणायचे, म्हणजे मिलिंदच्या पाठीमागं म्हणायचे, तोंडावर नाय. तोंडावर म्हणायचे, आधी पोटापाण्याचं बघ, मग गिटारीला हात लाव.

नव्वदच्या दशकातली गोष्ट, गणपती बसलेले होते. सकाळी सकाळी शशीभाऊ गिटार घेऊन दुकानात. म्हणले, अहिरेभाऊ, हिचा आवाज गेला, आधी खर्र खर्र करायची, आता साफ मुकी झाली. चार दिवसांनी आपल्या मंडळाचा कार्यक्रम हाय. मुंबईला न्यायला वेळ नाय, इथं नाशकात कोणी बघत नाय. साऊंडवाला म्हणतो पिकअपची कॉइल गेली असेल, तर कॉइल म्हणजे तुमचंच काम ना? ताई, पिकअप म्हणजे तारांच्या खाली एक काळी डबी बसवलेली असते, तिच्यात लोहचुंबक आणि त्याच्याभोवती तांब्याची तार गुंडाळलेली, केसाहून बारीक. वरची तार थरथरली की त्या कॉइलमधून आवाज मशीनला, म्हणजे अॅम्प्लिफायरला, जातो. हे मला आज माहीत हाय. त्या दिवशी काय माहीत नव्हतं. पण मी काय म्हणलो? मी म्हणलो, शशीभाऊ, जिथं तांब्याची तार तिथं अहिरे, तुम्ही जा कामावर, संध्याकाळी घेऊन जा. नाय येत म्हणलो असतो तर काय बिघडलं असतं? जीभ कापली असती का माझी? पण समोर दोन गिऱ्हाईकं बसली होती, त्यांच्यासमोर नाय म्हणवेना.

ते गेले आणि मी दोन स्क्रू काढून डबी वर उचलली. खाली दोन टोकं दिसली. मी भिंतीवरची सिरीज घेतली आणि लावली. बल्ब पेटला नाय. मी म्हणलो, झालं, कॉइल तुटली. तरी खात्री करावी म्हणून परत लावली आणि दाबून धरली, दहा मोजेपर्यंत धरली असेल. आणि मग वास आला. ताई, जळक्या तारेचा वास मला झोपेतपण कळतो, तो माझ्या धंद्याचा वास हाय. तो वास त्या डबीतून आला. मी हात मागं घेतला. डबी गरम लागत होती.

बल्ब का पेटला नाय, तर ती तार इतकी बारीक आणि वेढे इतके हजारो की तिच्यातून बल्ब पेटण्याइतका करंट जाणारच नव्हता. कॉइल चांगली असली तरी बल्ब पेटला नसता. पण तिला जाळायला तेवढा करंट पुष्कळ होता. घरची लाईट मी त्या केसाएवढ्या तारेत सोडली. मोटरवाला माणूस, तिलापण मोटरीसारखं वागवलं.

मग मी गिटारीच्या कडेची पट्टी उघडली, जिथं वायर खोचतात तिथली. आणि बघतो तर आतली एक बारकी वायर तुटून लोंबकळत होती. एवढाच फॉल्ट होता. वर्षानुवर्षं ओढून ओढून तुटली असेल, त्यात कोणाचाच दोष नाय. एक टाका सोल्डरचा, दोन मिनिटांचं काम. तो टाका मी मारला. दुकानातल्या माझ्या टेपच्या अॅम्प्लिफायरला लावून तार छेडली. काय नाय. परत छेडली. काय नाय. चांगली होती ती ताई, माझ्या दुकानात आली तेव्हा चांगली होती. मी मारली.

दिवसभर मी दुसऱ्या कामाला हात लावला नाय. संध्याकाळी काय सांगायचं ते जुळवत बसलो. खरं सांगायचं असंही ठरवलं होतं, शपथेवर सांगतो, ठरवलं होतं. शशीभाऊ आले, सायकल लावली, आणि विचारलं काय, तर आमचे शेतकरी विचारतात तेच. काय झालं होतं ओ? का गेली? आणि माझ्या तोंडातून निघालं, आत पाणी गेलं.

बास. निघून गेलं. पण हे विहिरीवरचं पाणी नव्हतं ना. शशीभाऊंचा चेहरा एकदम बदलला. म्हणले, मिल्या. मला कळेना. तर म्हणले, परवा पिंपळगाव बसवंतला एका मंडळाचा कार्यक्रम होता, हा मला न विचारता गिटार घेऊन गेला, उघड्या टेम्पोत, भर पावसात. मी विचारलं तर म्हणला, थेंब लागू दिला नाय. आणि आता हे. बापाची वस्तू. असं म्हणले आणि गिटार तिथंच टाकून गेले. मी ती उचलून भिंतीला लावली.

गल्लीतून आरडाओरडा माझ्या दुकानापर्यंत आला. शशीभाऊंनी मिलिंदला चारचौघांत कानाखाली मारली, एवढ्या मोठ्या पोराला, त्यांची आई मधी पडली तरी थांबले नाय. मी शटर ओढायला लागलो, तर मिलिंद आला. गाल लाल. मला म्हणला, भाऊ, तुम्हीच खरं सांगा. मी माझा रेनकोट काढून तिला गुंडाळला होता, वरून प्लास्टिक बांधलं होतं, मी स्वतः भिजत आलो, दोन दिवस ताप होता मला. आत पाणी होतं का खरंच? तुम्ही बघितलं का डोळ्यांनी?

पहिलं खोटं तोंडातून निसटलं होतं, सवयीनं. हे दुसरं मी विचार करून बोललो. त्याच्या डोळ्यांत बघून बोललो. होतं, म्हणलो, डबी ओलसर होती आतून. आणि त्या पोराचा चेहरा असा पडला. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या रेनकोटावर नाय ठेवला, माझ्यावर ठेवला. म्हणला, मग शिवणीतून गेलं असेल, चूक माझीच हाय. आणि खाली मान घालून गेला.

त्याच्यानंतरचं ऐका, म्हणजे तुम्हाला कळेल मी काय माणूस हाय. दुसऱ्या दिवशी शशीभाऊ रजा टाकून मुंबईला गेले आणि नवं पिकअप घेऊन आले, हलकंच, जे मिळालं ते. म्हणले, अहिरेभाऊ, आता तुम्हीच बसवा. नवी डबी जरा लांब होती, जुन्या खाचेत बसेना, तर पटाशीनं ते जुनं लाकूड मला तासावं लागलं. वायरी जोडल्या. आणि मग तिची उंची लावायची. दोन्ही बाजूंना स्क्रू असतात, पिळले की डबी तारांच्या जवळ येते, सोडले की लांब जाते. जास्त जवळ आणली तर लोहचुंबक तारेलाच ओढतो, आवाज फाटतो, सूर हालतो. जास्त लांब गेली तर आवाज येतो पण जीव येत नाय. जाड तारेकडून थोडी खाली, बारीक तारेकडून थोडी वर. शशीभाऊ बाकड्यावर बसून वाजवत होते, मी वाकून अर्धा अर्धा आटा पिळत होतो, ते म्हणायचे अजून थोडं, मी पिळायचो, म्हणायचे हां, नको नको, मागं घ्या. दोन तास चाललं आमचं. एवढं मन लावून मी आयुष्यात काम केलं नसेल. शेवटी ते थांबले, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणले, आवाज आला. तो नाय आला, पण आला. अहिरेभाऊ, तुम्ही नसता तर ही मेलीच होती.

असं म्हणले. मी स्क्रूड्रायव्हर पुसत बसलो.

आणि कार्यक्रमाच्या दिवशी तर कहरच. मंडपात सगळी गल्ली जमलेली. मधी निवेदकानं माईकवर सांगितलं, की आपल्या नाक्याचे प्रसिद्ध वाइंडर सोमनाथ अहिरे यांनी दिवसरात्र एक करून वाद्य वाचवलं म्हणून आजचा कार्यक्रम होतोय, त्यांनी स्टेजवर यावं. मी बसूनच राहिलो. लोकांनी ढकललं. बायको म्हणली, जा ना ओ, लाजता काय. गेलो. शाल घातली, नारळ दिला, टाळ्या. शशीभाऊंनी वाकून नमस्कार केला मला, गळ्यात गिटार तशीच होती. आणि मी खाली बघितलं तर मिलिंद मंडपाच्या खांबाला टेकून उभा, सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होता. त्याच्या मनात काय नव्हतं हो. मनापासून वाजवत होता. मला त्या शालीखाली घाम फुटला. ती शाल मी घरी आणून ट्रंकेत टाकली, ती आजपर्यंत अंगावर घेतली नाय. थंडीत बायको काढायची, मी परत ठेवायला लावायचो. ती म्हणायची, मानाची शाल ना ती? मी म्हणायचो, म्हणूनच.

मिलिंदनं गिटारीला परत हात लावला नाय. शशीभाऊंनी सांगितलं म्हणून नाय, त्यानं स्वतःच सोडलं. दिवाळीनंतर पिंपळगावला द्राक्षाच्या पॅकहाऊसला कामाला लागला आणि तिकडंच राहिला. लग्न केलं, तर भावाला पत्रिका पोस्टानं. शशीभाऊ गेले आणि अक्षता टाकून न जेवता माघारी आले. दोघा भावांचं बोलणं म्हणजे आईच्या औषधापुरतं.

त्या वर्षी मी नामपूरला गेलो तेव्हा माझ्या आईनं ओळखलं. आया ओळखतात. आमच्या अहिराणीत म्हणली, काय व्हयनं रे भाऊ, जेवस का बरं नही? मी तिला एवढंच सांगितलं की एकाचं काम बिघडवलं आणि नाव दुसऱ्यावर गेलं. आई भाकरी थापत होती, हात थांबवला नाय. म्हणली, हात काळा व्हयना तं धुवाई जास. तोंड काळं व्हयनं तं कसाना साबण लावशी? आणि मग म्हणली, जाय, सांगी दे त्याले. मी म्हणलो, हो सांगतो. ती वारली तरी मी सांगितलं नव्हतं.

मधी पाच-सात वर्षं गेली. मी सिरीज तशीच भिंतीवर ठेवली होती, मोटरीला ती लागतेच. पण एक झालं, आत पाणी गेलं हे वाक्य माझ्या तोंडातून बंद झालं. शेतकरी विचारायचा का जळली, मी म्हणायचो, माहीत नाय. गिऱ्हाईकं कमी झाली थोडी. लोकांना माहीत नाय हे उत्तर आवडत नाय.

एकदा पिंपळगावच्या एका पॅकहाऊसमधून निरोप आला, थंड खोलीच्या पंख्याची मोटर जळली, जागेवर येऊन बघा. गेलो तर समोर मिलिंद. सुपरवायझर झालेला, अंगानं भरलेला. भाऊ भाऊ करत चहा मागवला. मी मोटर उघडली आणि तो माझ्याजवळ बसून राहिला. बाहेर टेम्पोत द्राक्षाच्या पेट्या भरत होते, आभाळ निरभ्र, उन्हाचे दिवस. तरी तो मधी उठून गेला आणि टेम्पोवाल्याला म्हणला, प्लास्टिक दोनदा गुंडाळ. टेम्पोवाला म्हणला, साहेब, पाऊस कुठं हाय? तर हा म्हणला, गुंडाळ सांगितलं ना. मग माझ्याजवळ येऊन बसला आणि हसत म्हणला, सगळे मला हसतात इथं, पण काय करू भाऊ, एकदा माझ्या हातून बाबांची वस्तू गेली ना. शिवणीतून गेलं असेल पाणी. मी आजपण झोपताना विचार करतो, उलटा गुंडाळला असता रेनकोट तर?

तिथं सांगायला पाहिजे होतं. आम्ही दोघंच होतो. मी घसा खाकरला, म्हणलो, मिलिंद. तो म्हणला, काय भाऊ? मी म्हणलो, मोटर नाशिकला न्यावी लागेल. एवढी लाज मला त्या शालीचीपण वाटली नव्हती.

मग शेवटचं सांगतो. तोपर्यंत मी इंदिरानगरला घर घेतलं होतं, दुकान मात्र तेच. शशीभाऊंची कंपनी बंद पडली होती, ऑर्केस्ट्रेही कमी झाले होते, पण गिटार ते अजून वाजवायचे, घरीच. एक दिवस दुपारी दुकानात आले, हातात गिटार आणि एक बिस्किटाचा डबा. डबा उघडला तर आत ती जुनी काळी डबी. त्यांनी जपून ठेवली होती इतकी वर्षं. म्हणले, पुण्याला एक माणूस हाय, तो जुनी पिकअपं परत वाइंड करतो, त्याला नेऊन दाखवली. त्यानं उघडून काय सांगितलं माहीत हाय का? म्हणला, हिच्यात पाणी कधी गेलंच नाय. पाणी गेलं असतं तर तार हिरवी पडली असती. ही आतून भाजलीय. कोणीतरी हिच्यात घरची लाईट सोडली. चुंबकपण त्यानंच कमजोर झालाय.

माझे हात थांबले. मी मनात म्हणलो, आता संपलं. आणि खरं सांगतो, जरा हलकं वाटलं.

पण शशीभाऊ काय म्हणले ऐका. म्हणले, म्हणजे बघा अहिरेभाऊ, मिल्या तेव्हापण खोटं बोलला आपल्याशी. पिंपळगावच्या त्या मंडळानं खांबावर आकडा टाकून लाईट घेतली असणार, वायरिंग उघडं असणार, ह्यानं तिथंच लावली असणार आणि जळाली. आणि आपल्याला रेनकोटाच्या गोष्टी सांगितल्या. तुम्हाला बिचाऱ्याला ओलसर दिसलं असेल, तुमचा काय दोष.

ताई, देव माणसाला वाट देतो ती अशी देतो. मला गप्प बसायचं होतं, बास, दुसरं काय करायचं नव्हतं. हूं म्हणलो असतो तरी झालं असतं. सगळं परत त्या पोराच्या डोक्यावर गेलं असतं, अजून एक थर. आणि मला आईचा तो भाकरी थापण्याचा आवाज आला. मी उठलो, भिंतीवरची सिरीज काढली आणि शशीभाऊंच्या समोर बाकड्यावर ठेवली. म्हणलो, शशीभाऊ, पुण्याचा माणूस खरं बोलला. घरची लाईट मीच सोडली. ह्या बल्बानं. पाणी नव्हतं. तुमची एक वायर तुटली होती फक्त, टाका मारायचा होता. मिलिंद खरं बोलत होता.

त्यांनी तो बल्ब हातात घेऊन बघितला. मला वाटलं शिव्या देतील, हात उचलतील. मी चष्मा काढून ठेवला होता, खोटं कशाला बोलू, मारतील म्हणून काढला होता. ते एवढंच म्हणले, मी त्याला चारचौघांत मारलं होतं. मग परत तेच म्हणले. मग उठले आणि म्हणले, मला सांगून काय उपयोग, गाडी काढा.

शटर तसंच उघडं टाकून आम्ही माझ्या स्कूटरवर निघालो, मी पुढं, ते मागं, मांडीवर गिटार. ओझर मागं टाकलं. पॅकहाऊसला पोचलो. मिलिंद हसत आला आणि मग भावाला बघून थांबला. मला वाटलं शशीभाऊ सुरुवात करतील, पण ते बाजूला उभे राहिले, माझ्याकडं बघत. म्हणजे तोंड मलाच उघडायचं होतं. मी उभ्या उभ्या सांगितलं. सिरीज, वास, तुटकी वायर, आणि तू दुकानात आलास तेव्हा मी तुझ्या तोंडावर खोटं बोललो तेपण. पाया पडायला वाकलो, वयानं मोठा असून, तर तो मागं सरकला.

त्यानं एकच विचारलं. म्हणला, पाणी नव्हतं? मी म्हणलो, थेंबभरपण नव्हतं. म्हणला, म्हणजे रेनकोट पुरला होता? मी म्हणलो, पुरला होता रे बाबा, पुरला होता. तर तो पेट्यांच्या ढिगावर बसला आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागला, असा सुपरवायझर माणूस, कामावरच्या बाया बघत होत्या. शशीभाऊ गेले आणि त्याच्या शेजारी बसले. काय बोलले ते मला माहीत नाय. मी तिथून निघालो आणि स्कूटरपाशी येऊन उभा राहिलो. मला कोणी बोलावलं नाय, आणि बोलवायचं कारणपण नव्हतं.

आता दोघं भाऊ बोलतात. ती जुनी डबी पुण्याहून परत वाइंड करून आणली, चुंबकात जोर भरून आणला, आणि बसवायला मात्र शशीभाऊ माझ्याकडं आले नाय, तिकडंच बसवून घेतली. बरोबरच केलं त्यांनी. आवाज जुन्यासारखा आला म्हणतात, मी ऐकला नाय. मिलिंद वाजवतो का, विचारलं मी एकदा, तर शशीभाऊ म्हणले, घेतो हातात, पण बोटं विसरलीत, दहा-बारा वर्षांत विसरणारच. असं म्हणले आणि माझ्याकडं बघितलं नाय. गल्लीत भेटले तर रामराम करतात. दुकानात बसत नाय.

मीटर आता खणात नसतो, बाकड्यावर असतो. कोणी वेगळी वस्तू आणली तर मी सांगतो, मला ह्यातलं येत नाय, दुसरीकडं दाखवा. सोपं असतं हो ते म्हणणं, एकदा म्हणून बघितलं की कळतं. त्या दोघांचं देवानं बरं करावं, त्यांच्या पोराबाळांचं बरं करावं, माझं काय ते त्यानं बघून घ्यावं.

मिलिंदनं मला माफ केलं का, ते मी विचारलं नाय, त्यानं सांगितलं नाय. पण दर साली द्राक्षाच्या हंगामात त्याच्याकडून एक पेटी येते, टेम्पोवाल्याच्या हाती, चिठ्ठी नाय काय नाय. यंदापण आली, कडक उन्हाची. बायकोनं कात्री घेतली आणि म्हणली, हा माणूस दरवेळी एवढं प्लास्टिक का गुंडाळतो ओ, दोन दोन थर? मी म्हणलो, दे इकडं, मी सोडतो.